गोळी घेण्यापूर्वी : पुरुषांच्या एका अबोल तक्रारीविषयी



स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने आम्हास सुचविले. मधुमेह, रक्तदाब, पाण्यापासून होणारे आजार या विषयांवर पुष्कळ लिहिले जाते. म्हणून ज्या विषयावर कोणी बोलत नाही, आणि न बोलल्यामुळे जिवावर बेतते, तो विषय घ्यावा असे आम्ही ठरविले. पुरुषाच्या इंद्रियाला पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे ही ती तक्रार, आणि तिच्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या गोळ्या हा आमचा विषय. आम्ही बँकेत लिपिक आहोत, कला शाखेचे पदवीधर आहोत, डॉक्टर नव्हे. डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि स्वतःवर जे गुदरले, तेवढेच येथे मांडीत आहोत.

असा विषय स्मरणिकेत कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी एक गोष्ट आठवावी. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यात सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा नव्हे, ही बाजू बाबासाहेबांनी घेतली होती. मग आपण आज लाजावे कशाला?

नांदेडहून लातूरला

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ही तक्रार आमच्या वाट्याला आली. सात-आठ महिने आम्ही कोणाजवळ बोललो नाही. पत्नीशीही तुटक वागू लागलो. तिला वाटले, आमचे मन दुसरीकडे कुठे गुंतले आहे. घरात अबोला सुरू झाला. नांदेडला डॉक्टरांची काय वाण! पण बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला अर्धे गाव ओळखते. शेवटी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि एस.टी.ने लोहा-अहमदपूरमार्गे लातूर गाठले. दवाखान्यात नंबर लावून बसलो तर समोरच्या बाकावर आमच्याच वसाहतीतील एक गृहस्थ! ‘बी.पी. दाखवायला आलो,’ असे ते म्हणाले. ‘आम्हीही,’ असे आम्ही म्हणालो. बी.पी. दाखवायला दोघांनीही एवढा प्रवास केला होता.

डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी विचारले, “तहान फार लागते का? रात्री लघवीला उठता का? तंबाखू खाता का? जिना चढताना छाती भरून येते का?” रक्त तपासले तर साखर वाढलेली. आम्हाला मधुमेह आहे हे आम्हाला या तक्रारीमुळे कळले.

डॉक्टरांनी कारण समजावून सांगितले. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, विडी, वाढलेली चरबी यांनी रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या की आधी बारीक वाहिनीत अडचण जाणवते. म्हणून पुष्कळांच्या बाबतीत ही तक्रार हृदयविकाराच्या दोन-तीन वर्षे आधी दिसते. काहींना मनाचा ताण, उदासीनता, दारू किंवा रक्तदाबाच्या काही औषधांमुळेही असे होते. मात्र रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टर ती बदलून देऊ शकतात.

गोळी काय करते

या गोळ्यांपैकी पहिली सिल्डेनाफिल. इंग्लंडमध्ये फायझर कंपनीचे संशोधक ती हृदयाच्या वेदनेसाठी तपासून पाहत होते. तेथे विशेष उपयोग दिसला नाही, पण हा दुसरा परिणाम ध्यानात आला. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत तिला ‘व्हायग्रा’ या नावाने मान्यता मिळाली. आपल्या देशात तेव्हा औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, ते २००५ पासून मिळू लागले. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी तीच गोळी लवकरच स्वस्तात बाजारात आणली. दुसरी गोळी टाडालाफिल.

मनात इच्छा जागी झाली की शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि इंद्रियात रक्त भरते. पाटाचे दार उघडावे तसे हे आहे. ते दार पुन्हा लावणारा एक घटक शरीरात असतो. गोळी त्याला काही वेळ अडवून धरते. म्हणजे गोळी दार उघडत नाही, उघडलेले टिकवते. इच्छा व जवळीक नसेल तर नुसत्या गोळीने काही होत नाही. ती वासना वाढवीत नाही, मूल होण्याचे औषध नव्हे आणि तिने मूळ आजारही बरा होत नाही.

जिवावर बेतणारी चूक

आमचे एक निवृत्त सहकारी. त्यांना हृदयविकार होता. छातीत दुखले तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी सदैव खिशात असे. मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी एका दुकानातून चिठ्ठीशिवाय ‘ती’ गोळी आणली. रात्री छातीत कळ आली, म्हणून सवयीने सॉर्बिट्रेट ठेवली आणि काही मिनिटांतच ते घामाने भिजून कोसळले. त्यांच्या पत्नीला उशीखाली गोळ्यांचे पाकीट सापडले. त्या माउलीने लाज न बाळगता ते डॉक्टरांच्या हातात दिले. तेवढ्याने उपचाराची दिशा कळली व ते वाचले.

सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरिन ही नायट्रेट जातीची औषधे. तीही रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब एकदम कोसळतो. म्हणून नायट्रेट घेणाऱ्याने या गोळ्या कदापि घेऊ नयेत. गोळी घेतल्यावर छातीत दुखले तर १०८ ला फोन करावा आणि कोणती गोळी किती वाजता घेतली हे आधी सांगावे. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास व टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट चालत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक असते. तुम्ही काय घेतले आहे, हे मात्र तुम्हालाच सांगावे लागते.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे न्यावीत. प्रोस्टेटची टॅमसुलोसिनसारखी गोळी, रक्तदाबाचे प्राझोसिन, एरिथ्रोमायसिन, कीटोकोनाझोल, एच.आय.व्ही.वरील काही औषधे यांच्याशी या गोळीचे जमत नाही किंवा मात्रा कमी करावी लागते.

२. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, रक्तदाब फार कमी वा आटोक्याबाहेर असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. दोन मजले न थांबता चढून दम लागत नाही ना, हे डॉक्टर विचारतात. कारण श्रम हृदयालाच सोसायचे असतात.

३. सिल्डेनाफिलची मात्रा बहुधा ५० मिलिग्रॅमपासून सुरू होते. वय ६५ च्या पुढे असेल, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर २५ पासून. ती साधारण तासभर आधी घेतात व परिणाम सुमारे चार तास राहू शकतो. तेलकट, भरपेट जेवणानंतर तो उशिरा येतो. टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो. चोवीस तासांत एकदाच. ‘आज उपयोग झाला नाही’ म्हणून त्याच रात्री दुसरी घेऊ नये.

४. गोळीवर दारू पिऊ नये. दोन्हींमुळे रक्तदाब उतरून चक्कर येते, आणि ज्यासाठी गोळी घेतली ते काम दारूच बिघडविते.

५. डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, जळजळ, क्वचित नजरेला निळसर दिसणे हे बहुधा काही तासांत जाते. परंतु ताठरता चार तासांपेक्षा जास्त राहिली, अचानक दिसेनासे किंवा ऐकू येईनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

६. दुसऱ्याची गोळी घेऊ नये, आपली दुसऱ्याला देऊ नये. दुसऱ्याच्या पासबुकावर आपण पैसे काढत नाही, तसेच हे.

भिंतीवरच्या जाहिराती

बसस्थानकाजवळच्या भिंतींवर ‘मर्दाना कमजोरी’च्या जाहिराती आणि रस्त्याकडेचे तंबू आपण सर्वांनी पाहिले आहेत. कामशक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कित्येक औषधांत सिल्डेनाफिल मिसळलेले असल्याचे देशोदेशीच्या तपासण्यांत आढळले आहे. म्हणजे सॉर्बिट्रेट घेणारा माणूस निर्धोक समजून चूर्ण खातो आणि पोटात जाते तीच गोळी, तीही किती मात्रेत हे कोणालाच ठाऊक नसते! त्यापेक्षा चिठ्ठीवर, पक्क्या पावतीने, नाव व मुदत वाचून घेतलेले औषध स्वस्तही पडते आणि सुरक्षितही.

लातूर-नांदेड दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तेथे रोज असे रुग्ण येतात. डॉक्टरांना यात नवल वाटत नाही. नवल आपल्यालाच वाटते.

आमची साखर आता आटोक्यात आहे. तंबाखूची पुडी सुटली, पहाटे फिरणे सुरू झाले. डॉक्टरांनी दिलेली गोळी आता क्वचित लागते. पण खरा गुण आला तो लातूरहून परतल्यावर त्याच रात्री, पत्नीला सर्व सांगितले तेव्हा. ती एवढेच म्हणाली, “आधी सांगितलं असतं तर मीही आले असते लातूरला.”

वसाहतीतील ते गृहस्थ आता सकाळी आमच्याबरोबर फिरायला येतात. त्यांच्याच संमतीने त्यांचा उल्लेख येथे केला आहे. वाचकांपैकी कोणाला ही तक्रार असेल तर त्यांनी आधी रक्तातील साखर व रक्तदाब तपासावा, डॉक्टरांना सर्व खरे सांगावे आणि मगच गोळीला हात लावावा, एवढीच नम्र विनंती.