अजून पाच... फक्त पाच!

व्यायामशाळांच्या भिंतींवर हल्ली सुविचारांची रेलचेल असते. 'आज नाही तर कधीच नाही', 'घाम गाळा, नाव कमवा', एक ना दोन! वाचताना बरं वाटतं, अंगात वारंही शिरतं. पण पंधराव्या बैठकीला मांड्या थरथरू लागल्या, की भिंतीकडे बघायला मान तरी कुठे वर होते? त्या क्षणी उपयोगी पडतं ते काही वेगळंच, आणि ते अगदी छोटं असतं.

त्रेपन्नाव्या वर्षी माझी साखर काठावर आली. आईची शेवटची दहा वर्षं इन्शुलिनच्या सुया टोचून घेण्यात गेलेली, ती मी जवळून पाहिली होती. डॉक्टर म्हणाले, "ताई, व्हॅक्सिन डेपोवरचं चालणं चालू ठेवा, पण तेवढ्यावर भागणार नाही. मांड्यांना काम द्या. रक्तातली साखर स्नायूच तर खातात." टिळकवाडीतल्या महिलांच्या बॅचला नाव घातलं. पहिल्याच दिवशी 'स्क्वॉट' शिकवला. म्हटलं, अगं बाई, ही तर आपली बैठक!

मोजण्याची युक्ती

माझा दादा गल्लीतल्या तालमीत जायचा. आम्हा मुलींना आत मज्जाव, पण वस्तादांचा आवाज घरात ऐकू यायचा. 'शंभर काढ' असं ते कधी म्हणत नसत. पोरगं दमलं की म्हणायचे, "अजून पाच हाण की रे!" पाच झाले की पुन्हा पाच. असे करत पोरं शंभरावर कधी जात, त्यांनाच कळत नसे.

गंमत बघा, पॉला रॅडक्लिफ ही ब्रिटिश धावपटू हेच करायची. २००३ साली लंडनला तिने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. तो विक्रम १६ वर्षं टिकला. ती धावताना मनात शंभरपर्यंत आकडे मोजायची. तीन वेळा शंभर झाले की साधारण एक मैल! उरलेले मैल मोजायचे नाहीत, फक्त पुढचा आकडा म्हणायचा.

मी वीस बैठकांत दहापर्यंत चढते आकडे मोजते, मग दहापासून उतरते. उतरता आकडा 'संपत आलं' असं सांगतो. येळ्ळूरचा राजहंसगड चढतानाही माथ्याकडे न बघता पुढचं वळण तेवढं बघते.

'मी' नव्हे, 'तू'

स्वतःशी बोलण्याचाही अभ्यास झालाय बरं का! २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात काही जणांना स्वतःच निवडलेली छोटी वाक्यं मनात म्हणायला शिकवलं. दोन आठवड्यांनी ते पूर्ण थकेपर्यंत सायकल मारण्याच्या चाचणीत सुमारे १८ टक्के जास्त वेळ टिकले. २०१९ च्या दुसऱ्या प्रयोगात 'मी करू शकतो' म्हणण्यापेक्षा 'तू करू शकतोस' म्हणताना त्याच माणसांनी १० किलोमीटर सायकलिंग दोनेक टक्के लवकर संपवलं, आणि श्रम जास्त झाल्यासारखे वाटलेही नाहीत.

मला याचं नवल वाटलं नाही. 'तू' म्हटलं की आपलाच आवाज वस्तादांचा होतो! आपल्या मराठीत तर 'चल गं, जमतंय तुला' म्हणताना निम्मी माया आपोआप येते. स्वतःला शिव्या घालून दोन दिवस रेटता येतं, तिसऱ्या दिवशी जावंसंच वाटत नाही.

कपाळाच्या आठ्या सोडा

केनियाचा एल्युड किपचोगे २०१९ मध्ये व्हिएन्नाला मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला. खास आखलेली धाव असल्याने ती अधिकृत विक्रमात धरली नाही, पण दोन तासांच्या आत येणारा तो पहिलाच. दमल्यावर तो मुद्दाम हसतो. २०१८ च्या एका अभ्यासातही आठ्या घालून धावण्यापेक्षा हसत धावताना प्राणवायू थोडा कमी लागल्याचं दिसलं. चेहरा सैल सोडला की खांदेही सैल होतात. आमच्या बॅचमध्ये शेवटच्या फेरीला कुणीतरी हमखास विनोद करतं, ते उगीच नव्हे!

थकवा वेगळा, दुखणं वेगळं

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण खरीच. पण टाकी दगडावर चालते, आणि गुडघा दगडाचा नसतो. मांड्या पेटणं, धाप लागणं हा थकवा, त्याला मनाने समजावता येतं. सांध्यात टोचणारी कळ आली की थांबायचं. छाती आवळणं, जबड्याकडे किंवा हातात जाणारी कळ, भोवळ असं काही झालं तर व्यायाम तिथेच थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांना दरदरून थंड घाम येऊन हात थरथरले, तर साखर उतरलेली असू शकते. तेव्हा सुविचार नको, तोंडात साखर टाका.

गेल्या तपासणीत माझी साखर काठावरून मागे सरकली. दीड वर्ष लागलं त्याला. तुम्हीही दोन वाक्यं निवडून ठेवा, एक मध्यावर म्हणायला आणि एक शेवटी. ती पुस्तकातली नकोत, तुमच्या घरात बोलली जातात तशी हवीत. आणि उद्या सकाळी म्हणून बघा, पाय ऐकतात की नाही ते!