तांब्याच्या वाटा

पालघर तालुक्यातील एडवण हे गाव समुद्रकाठी वसले आहे. अशा ठिकाणच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्याची भांडी लवकर हिरवी पडतात. म्हणून पूर्वी कल्हईवाला भांड्यांना आतून कथिलाचा पातळ थर देत असे. त्यामुळे अन्न कळकत नसे. हातात धरून खेळण्याचे विजेचे खेळणे घरी बनवू पाहणाऱ्यानेही ही कल्हई लक्षात ठेवावी.

असे खेळणे उघडले असता आत एक लहानशी पाटी दिसते. तिला सर्किट बोर्ड म्हणतात. पूर्वी यंत्रातील प्रत्येक भाग निरनिराळ्या तारांनी जोडीत. त्यामुळे तारांचा मोठा गुंता होई. व्हिएन्नात जन्मलेले अभियंते पॉल आइस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये एक युक्ती योजिली. ज्यातून वीज वाहत नाही अशा पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवावा आणि नको तेवढे तांबे काढून टाकावे. मागे उरलेल्या रेषा हेच तारांचे काम करतात.

म्हणून पहिले काम कागदावरचे. अंगठे जेथे सहज टेकतील तेथे बटणे योजावीत. मग सेल, पडदा व चिप यांच्या जागा ठरवाव्यात. सेलपासून निघणाऱ्या वाटा रुंद असाव्यात, कारण सर्व प्रवाह त्यांतूनच जातो. दोन वाटा एकमेकींना छेदता कामा नयेत. नाही तर वीज भलतीकडेच जाईल. दुसरा मार्ग नसेल, तर ओढ्यावर साकव घालतात तशी वरून तार न्यावी. बटणाखाली दोन वाटांची टोके, दोन फण्यांचे दात एकमेकांत शिरावे तशी, पण न टेकता काढावीत. रबरी बटणाच्या तळाशी कार्बनचा तुकडा असतो. बटण दाबले की तो दोन्ही टोकांना टेकतो आणि प्रवाह वाहू लागतो.

आकृती पुन्हा पुन्हा तपासावी. कागदावरची चूक खोडता येते. विरघळलेले तांबे परत येत नाही!

मग न पुसणाऱ्या शाईने ती तांब्यावर काढून पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवतात. उघडे तांबे विरघळते, शाईखालचे राहते. हे काम वडीलधाऱ्यांच्या देखत, रबरी हातमोजे घालून, प्लास्टिकच्या भांड्यात करावे. उरलेले द्रावण ओढ्यात किंवा खाडीत कदापि ओतू नये. त्यात उतरलेले तांबे माशांना विषारी असते, आणि किनाऱ्यावरील कित्येक कुटुंबांचे पोट मासळीवर चालते. ते बाटलीत भरून, वर नाव लिहून, विज्ञानशिक्षकांच्या स्वाधीन करावे.

शेवटी शाई पुसून वाटांवर कथिल असलेल्या डाखाचा पातळ लेप द्यावा. हीच त्या पाटीची कल्हई! तिच्यामुळे खाऱ्या वाऱ्यातही वाटा टिकतात आणि खेळ चालू राहतो.