नोकरी की उद्योग: लातूर-नांदेडच्या संदर्भात

नोकरी की स्वतःचा उद्योग, हे ठरवताना धाडसाइतकाच रोख पैशाचा विचार करावा लागतो. लातूरच्या डाळमिलकडे पाहिले की हे स्पष्ट होते. नवी तूर साधारण जानेवारीपासून आडतीवर येते आणि तिची पट्टी लगेच चुकती करावी लागते. डाळ मात्र पुढे वर्षभर, बरीचशी उधारीवर, विकली जाते. क्विंटलभर तुरीतून सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते, चुनी पशुखाद्याला जाते. मधेच आयात वाढून भाव पडला तर गोदामातल्या मालावरच तोटा येतो. तो पचवून पुढच्या हंगामात पुन्हा खरेदीला उतरण्याची तयारी असेल, त्यालाच हा धंदा मानवतो.

पुण्या-हैदराबादच्या कंपनीत पगार ठरल्या तारखेला होतो, भविष्यनिर्वाह निधी साठतो. घर कोरडवाहू शेतीवर चालत असेल, तर आधी नोकरी धरणेच योग्य. दोन बेभरवशाची उत्पन्ने एका घराला पेलत नाहीत.

धंद्याकडे आपला कल आहे का, हे पारखायचे तर एक हंगाम आडत दुकानात काम करावे. तिथे उधारीची वसुली शिकता येते, आणि बहुतेक धंदे या वसुलीतच अडतात.

उद्योगच करायचा ठरला, तर सरकारी अनुदानाचा हिशेबही नीट मांडावा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात 2022 पासून उत्पादन प्रकल्पाच्या खर्चाची मर्यादा 50 लाख, सेवेची 20 लाख रुपये झाली. अनुदान 15 ते 35 टक्के असले, तरी ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. खेळत्या भांडवलात ते धरू नये.