कातळाखालचा खानदेश

शहाद्याहून तळोदा, अक्कलकुवामार्गे पश्चिमेला जाणारा रस्ता थेट अंकलेश्वरला पोचतो. तिथे 1960 मध्ये तेल लागले. त्याआधी 1958 मध्ये खंभातजवळ लुणेजला. मग त्याच रस्त्यावरच्या नंदुरबार जिल्ह्यात ते का नसावे, असे इथल्या माणसाला वाटले तर नवल नाही. उत्तर थरांच्या क्रमात आहे.

तेल जमिनीखाली तळ्यासारखे साठलेले नसते. ओल्या वाळूत पाणी असावे तसे ते खडकाच्या कणाकणांत मुरलेले असते. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचे अवशेष चिखलात गाडले जातात, साधारण 60 ते 120 अंश उष्णतेत लाखो वर्षे शिजतात, मग तयार झालेले तेल वर सरकते आणि एखाद्या घट्ट थराखाली अडकते. अंकलेश्वरला हे सगळे ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याच्या काळ्या कातळाच्या, वर घडले. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा तिथे खाली खचला, त्यावर पुढे चिखल-वाळूचे जाड थर साचले, आणि त्यांतच तेल जन्मले. नंदुरबारला ट्रॅपवर आहे तो तापीचा गाळ. शहादा-तळोद्याची केळी आणि ऊस त्याने पोसला, पण तेलाच्या हिशेबात तो फार कोवळा आणि उथळ. इथे शोध घ्यायचा तर काळ्या कातळाच्या खालीच.

आणि खाली काहीतरी आहे, याची चिन्हे पक्की आहेत. नर्मदेपलीकडे धार जिल्ह्यातल्या बाघ परिसरात शंख-शिंपल्यांचे जीवाश्म असलेले समुद्री खडक उघडे पडले आहेत. मध्यजीव काळाच्या शेवटच्या, क्रिटेशस टप्प्यात समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता, त्याची ही खूण. हेच थर दक्षिणेकडे लाव्ह्याखाली गेले असणार, असा तर्क होता. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने सेंधव्यावरून जाणाऱ्या रेषेवर जमिनीत स्फोट घडवून परतणाऱ्या लहरी मोजल्या, आणि तिथले शास्त्रज्ञ कैला यांनी 1988 मध्ये नर्मदा-तापी पट्ट्यात दडलेल्या मध्यजीव काळातल्या खोऱ्याची मांडणी केली. पुढच्या विद्युत-चुंबकीय मोजणीनेही त्याला आधार दिला.

महाराष्ट्रात सगळीकडे असे भाग्य नाही. कोयनेला सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट भेदल्यावर थेट ग्रॅनाइट लागला. किल्लारीला 338 मीटर ट्रॅपखाली गाळाचा थर मिळाला तो जेमतेम आठ मीटरचा. म्हणून तापी-नर्मदेमधल्या पट्ट्याचे वेगळेपण मला मोलाचे वाटते.

अडचण मात्र खरी आहे. ट्रॅप म्हणजे एकसंध लादी नव्हे. एकावर एक लाव्ह्याचे प्रवाह, मध्ये तांबड्या मातीचे पट्टे, पोकळ्यांनी भरलेले दगड. लहरी त्यात विखुरतात आणि खालचे चित्र धूसर येते. शिवाय नंदुरबार-धुळे पट्टा डाइकांचा देश आहे. लाव्हा भेगांतून उभा चढला आणि भेगेतच गोठला. त्या दगडी भिंती आज लांबच लांब टेकड्यांसारख्या उभ्या दिसतात. शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी त्या अडवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. तेलाच्या बाबतीत त्यांची भूमिका दुहेरी आहे. जवळच्या खडकाला त्या इतके तापवू शकतात की तेल जळून वायू किंवा नुसता कार्बन उरावा. दुसरीकडे थोड्या लांबवर तीच ऊब कच्च्या चिखलदगडाला पिकवू शकते. डाइक तेलाची वाटही अडवते, आणि अडलेले तेल तिथेच साठू शकते.

लाव्ह्याच्या प्रदेशात तेल असूच शकत नाही, हा समज मात्र सोडला पाहिजे. शेटलंड बेटांच्या पश्चिमेला 2004 मध्ये सापडलेल्या रोझबँक क्षेत्रात तेल लाव्ह्याच्या प्रवाहांमधल्या वाळूच्या खडकात आहे.

देशाच्या 26 गाळखोऱ्यांच्या यादीत ‘डेक्कन सिनेक्लाइज’, म्हणजे ट्रॅपने झाकलेला हा प्रदेश, तिसऱ्या वर्गात आहे, म्हणजे तेलाची केवळ शक्यता गृहीत धरलेली. ही शक्यता दूरवरच्या मोजण्यांनी तडीस जाणार नाही. त्यासाठी ट्रॅप भेदून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत एक विहीर हवी. तिच्यातून काढलेल्या नमुन्यांत तीन गोष्टी पाहायच्या: चिखलदगडात सेंद्रिय कार्बन किती, तो किती शिजला, आणि वाळूच्या खडकात रिकामी जागा उरली आहे का. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि धरणापायी गाव बुडणे म्हणजे काय हे इथल्याच मणिबेली गावाने सोसले आहे. म्हणून विहिरीची जागा ठरवताना ग्रामसभेपुढे नकाशा आधी गेला पाहिजे, यंत्र नंतर.