बाळंतपणाच्या रजेचा पगार : कापायचा किती, हातात येणार किती?



"ताई, बाई सहा महिने घरी राहणार, पगार मी द्याचा. मंग त्यातून पीएफ कापाचा का नाही?" आपल्या अंजनगाव सुर्जीच्या बाजारात ट्रेनिंग घेताना हा प्रश्न मला दर बॅचला येतो. काउंटरवर काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न तोच असतो, फक्त दुसऱ्या बाजूने: "कापून कुपून माझ्या हातात काय राहील?" दोघांचं उत्तर एकाच हिशोबात आहे. व्हिडिओत आकडे भरभर निघून जातात, म्हणून इथे सावकाश मांडते. वही-पेन घेऊन बसा.

आधी दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, प्रसूती रजेचा हिशोब हातात येणाऱ्या पगारावरून सुरू करायचा नाही. तो पूर्ण वेतनावरून करायचा, कपात नंतर बघायची. दुसरी, काय कापलं जाईल हे पैसे कोण देतंय यावर ठरतं.

आधी बघा, तुमचं दुकान कोणत्या खान्यात बसतं

१९६१ चा मातृत्व लाभ कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना लागू होता. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि या तरतुदी आता तिच्यात आहेत. मुख्य गोष्टी त्याच राहिल्या: दहा माणसांची अट, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आणि दोन मुलं असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे.

म्हणजे तीन खाने झाले:

- तुमच्या दुकानाला ईएसआय लागू आहे आणि ताईंचं वेतन महिना २१,००० पर्यंत आहे: रजेचे पैसे ईएसआयसी देते.
- दहा किंवा जास्त माणसं आहेत, पण ताई ईएसआयमध्ये नाहीत: पैसे मालक देतो.
- दहापेक्षा कमी माणसं आहेत: कायद्याची सक्ती नाही, पण करण्यासारखं बरंच आहे. त्यावर पुढे बोलू.

महिने नाही, दिवस मोजा

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. कायदा "सहा महिन्यांचा पगार" म्हणत नाही. तो म्हणतो सरासरी रोजचं वेतन गुणिले रजेचे दिवस. रजेच्या आधीच्या तीन महिन्यांत जितके दिवस काम केलं, त्या दिवसांच्या वेतनाची सरासरी काढायची.

उदाहरण घ्या. रोज ५०० रुपये, तीन महिन्यांत ७५ दिवस हजेरी. ३७,५०० भागिले ७५, सरासरी ५०० रुपये. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. ५०० गुणिले १८२ म्हणजे ९१,००० रुपये.

आता कोणी म्हणेल, "महिन्याला २५ दिवस भरतात, सहा महिन्यांचे ७५,००० झाले, ९१,००० कसे?" फरक रविवारचा आहे. बी. शाह खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच सांगितलं की आठवडा म्हणजे सात दिवस, सुट्टीचा दिवसही मोजायचा. आणि रोजंदारीवरच्या बाईला हा लाभ नाही असं समजू नका. दिल्ली महापालिकेच्या मस्टर रोलवरच्या बायकांच्या खटल्यात २००० साली कोर्टाने त्यांनाही हक्क दिला.

ज्यांच्याकडे पगारपत्रक बनतं त्यांनी आणखी एक बघा. पीएफ वाचावा म्हणून मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवायची आपल्याकडे सवय आहे. नव्या संहितेत वेतनातून वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या अर्ध्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरला जातो. पगार २०,००० आणि त्यात मूळ ८,००० दाखवला असेल, तरी वेतन १०,००० धरलं जाईल. ताई, तुमच्या पगारपत्रकावर मूळ पगार कमी असेल तर रजेचा आकडाही त्याच मापाने खाली येतो. हे नोकरी लागतानाच बघून घ्यायचं.

ईएसआय देत असेल तर: हातात जास्त, बचतीत शून्य

एका ताईंचं वेतन १५,००० आहे, सगळं मूळ. काम करताना महिन्याला असं कापलं जातं:

- पीएफ १२ टक्के: १,८००
- ईएसआय ०.७५ टक्के: ११३
- प्रोफेशनल टॅक्स: ० (महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत माफ आहे)
- हातात: १३,०८७

आता रजा लागली. ईएसआयसी सरासरी रोजच्या वेतनाने, म्हणजे साधारण ५०० रुपये रोज, पैसे थेट बँक खात्यात टाकते. मालक पगार देत नाही, म्हणून पीएफही कापला जात नाही आणि ईएसआयही नाही. ३० दिवसांचे १५,००० येतात. कामावर असताना १३,०८७ आणि घरी असताना १५,०००!

खूश होण्याआधी पूर्ण हिशोब बघा. ताईंचे १,८०० आणि मालकाच्या हिश्श्यातले ५५० असे २,३५० रुपये दर महिन्याला पीएफ खात्यात जायचे. सहा महिन्यांत तिथे १४,१०० रुपये जमा झाले नाहीत. शिवाय मालकाच्या हिश्श्यातले १,२५० पेन्शन योजनेत जायचे, तेही थांबले. म्हणून माझा सल्ला: हातात जास्त आलेले पैसे वेगळे काढा आणि सहा महिन्यांसाठी पोस्टात नाहीतर बँकेत बाजूला ठेवा. बाळाच्या कपड्यांत ते कधी जातील, कळणार पण नाही.

एक अट विसरू नका. ईएसआयचा लाभ मिळायला आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे धरतात. मालक मंडळी, तुम्ही भरणा चुकवला तर फटका त्या ताईला बसतो.

मालक देत असेल तर: कपात चालू राहते

दुसऱ्या ताईंचं वेतन २८,००० आहे, म्हणजे त्या ईएसआयच्या बाहेर. दुकानात वीसहून जास्त माणसं आहेत, त्यामुळे पीएफ लागू आहे आणि १५,००० च्या मर्यादेवर कापला जातो. पीएफ १,८००, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात २६,०००.

रजेच्या काळात हे वेतन मालक देतो, म्हणून पीएफ चालू राहतो. रजेवर असताना मिळालेलं वेतनही पीएफसाठी धरलं जातं. मालकाने आपला हिस्साही भरायचा. ताईंच्या हातात जवळपास तेवढंच येतं आणि पीएफ, पेन्शन दोन्हीत खंड पडत नाही.

इन्कम टॅक्सची धास्ती बरेच जण घेतात. मालकाने दिलेला प्रसूती रजेचा पगार हा पगारच आहे, उत्पन्नात धरला जातो. पण नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत कर शून्य येतो. २८,००० वाल्या ताईंचं वर्षाचं उत्पन्न ३.३६ लाख. टॅक्सचा प्रश्नच नाही. पगार खूप मोठा असेल आणि पुढे बिनपगारी रजा वाढवली, तर वर्षाचं उत्पन्न कमी होतं. तेव्हा उरलेल्या महिन्यांचा टीडीएस नव्याने काढायला सांगा.

पेन्शनमध्ये किती फरक पडतो?

पीएफच्या पेन्शन योजनेचं सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. वेतन १५,००० असेल तर एका वर्षाचे साधारण २१४ रुपये महिना, म्हणजे अर्ध्या वर्षाचे १०७. आकडा छोटा वाटतो, पण पेन्शन जन्मभराची असते.

खरं नुकसान वेगळ्या गोष्टीने होतं. ताई रजेवर गेल्या की काही दुकानदार पीएफच्या कामात त्यांना "नोकरी सोडली" दाखवून टाकतात. असं करू नका. नाव तसंच ठेवा आणि ते दिवस बिनअंशदानाचे म्हणून दाखवा. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, तिच्या वाटेत उगीच खोडा घालायचा नाही. आणि प्रसूती रजेवर असताना कामावरून काढणं तर बेकायदाच आहे.

दहापेक्षा कमी माणसं असतील तर

आपल्या बाजारातली बहुतेक दुकानं याच खान्यात येतात. कापड, किराणा, मेडिकल, दोन-चार माणसं. इथे तीन कामं करा.

एक, ताईंना प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा फॉर्म भरायला लावा. पहिल्या बाळाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. आधार जोडलेल्या खात्यात येतात, त्यातून काही कापलं जात नाही. अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करा.

दोन, ताईंची अटल पेन्शन योजना चालू असेल तर तो हप्ता दुकानातून नाही, त्यांच्या खात्यातून जातो. २५ व्या वर्षी ५,००० च्या पेन्शनसाठी सुरू केली असेल तर महिना ३७६ रुपये. पगार थांबला तरी हप्ता थांबत नाही. सहा महिन्यांचे २,२५६ रुपये खात्यात आधीच ठेवायला सांगा.

तीन, जमेल तेवढा पगार स्वतःहून द्या. चार आठवडे द्या, आठ द्या, पण लिहून द्या आणि बँकेतून द्या. तो तुमचा धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो. काम येणारी, गिऱ्हाइकांची नावं माहीत असलेली बाई दिवाळीच्या सिझनला परत आली, तर त्याची किंमत नव्या माणसाला शिकवताना कळते.

गल्ल्याची तयारी

ज्यांना स्वतः द्यायचं आहे त्यांनी हे नीट वाचा. बाळंतपणाच्या आधीच्या काळाचे पैसे आगाऊ द्यायचे असतात आणि बाकीचे, प्रसूतीचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत. ५०० रोजाच्या उदाहरणात आधीचे जास्तीत जास्त आठ आठवडे म्हणजे २८,००० आणि नंतरचे ६३,०००. दवाखान्याची सोय तुम्ही फुकट केली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा. गल्ल्यातून एकदम एवढे काढणं कठीण, म्हणून दर महिन्याला थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत राहा.

आणि उचल! ताईंनी घेतलेली उचल रजेच्या पैशातून एकदम वळती करू नका. हप्ता आधी दोघांनी बसून कागदावर ठरवा.

हे ओझं एकट्या मालकाने का उचलायचं?

प्रश्न जुना आहे. २८ जुलै १९२८ ला मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं की आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. पण बाईच्या कामाचा फायदा मालकालाही होतो, त्यामुळे तोही पूर्ण सुटत नाही. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला, १९४८ मध्ये ईएसआयचा. महिन्याला ३.२५ टक्के मालकाचे आणि ०.७५ टक्के कामगाराचे असे भरले की बाळंतपणाचा मोठा खर्च सगळ्यांत वाटला जातो. म्हणून ईएसआय लागू होत असेल तर टाळू नका. छोट्या दुकानाला तोच खरा आधार आहे.

रजा सुरू व्हायच्या आधी एका कागदावर पाच ओळी लिहा: सरासरी रोजचं वेतन, रजेचे दिवस, पैसे कोण देणार, काय कापणार, कोणत्या तारखेला मिळणार. खाली दोघांच्या सह्या. एक प्रत दुकानात, एक ताईंच्या घरी.

तुमच्या दुकानाचा हिशोब अडला तर माणसं किती, वेतन किती आणि ईएसआय आहे का, एवढं कमेंटमध्ये लिहा. नावं लिहू नका. पुढच्या व्हिडिओत तोच हिशोब फळ्यावर सोडवून दाखवते.