श्यामची आई : कादंबरी व चित्रपट-रूपांतरे

साने गुरुजी (पांडुरंग सदाशिव साने, १८९९–१९५०) ह्यांची आत्मचरित्रपर कादंबरी व तीवर आधारलेले दोन मराठी चित्रपट (१९५३ व २०२३). कथानक कोकणातील असले, तरी कादंबरीच्या निर्मितीची पार्श्वभूमी मुख्यतः खानदेशातील आहे. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेर (जि. जळगाव) येथे शिक्षक झाले. तेथील छात्रालयातील मुलांची त्यांनी मातेच्या मायेने देखभाल केली. १९३० मध्ये नोकरी सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी विनोबांची गीतेवरील प्रवचने लिहून घेतली; पुढे नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत ही कादंबरी लिहिली.

मातृप्रेमाची कथा म्हणून ती सर्वश्रुत असली, तरी एका कुटुंबाच्या सामाजिक अधोगतीचा आलेखही तीत आहे. श्यामचे घराणे खोतांचे. खोत म्हणजे गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वंशपरंपरागत हक्कदार. वाटण्या, कज्जे व सावकारी कर्ज ह्यांमुळे हे घर खालावत जाते. वसुलीस आलेल्या माणसाची अपमानकारक बोलणी व जप्तीची गावभर पिटलेली दवंडी आईला सोसावी लागते. प्रतिष्ठा उरलेली, पण ऐपत सरलेली, अशा वर्गाची ही कुचंबणा आहे. अस्पृश्य वृद्धेला मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते, त्या प्रसंगात जातिभेदाचा प्रश्नही येतो.

कादंबरी एकसंध कथानकाची नाही. सायंप्रार्थनेनंतर श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्री एकेक आठवण सांगतो, अशी तिची रचना आहे. त्यामुळे निवेदकाचे प्रौढ मन पडद्यावर कसे आणावे, ही रूपांतरातील मुख्य अडचण ठरते.

प्र. के. अत्रे ह्यांनी १९५३ मध्ये पहिला चित्रपट निर्माण व दिग्दर्शित केला. वनमाला (आई) व माधव वझे (श्याम) ह्यांच्या प्रमुख भूमिका आणि वसंत देसाई ह्यांचे संगीत त्यास लाभले. अत्रे स्वतः शिक्षक होते. पाण्याला भिणाऱ्या श्यामला पोहावयास लावणे, ह्यांसारखे संस्कारप्रसंग त्यांनी ठळक केले. पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत (१९५४) ह्या चित्रपटास सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी गुणवत्ता-प्रमाणपत्र मिळविणाऱ्या बिमल रॉय ह्यांच्या दो बिघा जमीन ह्या हिंदी चित्रपटातही कर्जामुळे उद्‌भवलेली कुटुंबाची वाताहत आहे. मात्र तेथे लक्ष जमीनदारी व्यवस्थेवर, तर येथे दारिद्र्यातही टिकणाऱ्या शीलावर आहे.

सुजय डहाके दिग्दर्शित दुसरा चित्रपट १० नोव्हेंबर २०२३ रोजी प्रदर्शित झाला. गौरी देशपांडे ह्यांनी आईची व ओम भूतकर ह्यांनी साने गुरुजींची भूमिका केली. रंगीत चित्रपटांच्या काळातही तो जाणीवपूर्वक कृष्णधवल ठेवण्यात आला. साने गुरुजींनाच पात्र म्हणून आणल्यामुळे आठवण सांगणारा स्वातंत्र्यसैनिक व आठवणीतील मूल ह्यांचा सांधा पडद्यावर दिसू लागला. ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत (घोषणा २०२५) तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

आईचे वात्सल्य पडद्यावर सहज उतरते. व्याजाने पोखरलेले घर दाखविणे अवघड असते. तो भाग गौण झाल्यास दारिद्र्य हे केवळ सद्‌गुणांची शाळा ठरते आणि ते कोठून आले, हा कादंबरीतील प्रश्न मागे पडतो. खानदेशातील शेतकरी व गिरणी कामगार ह्यांच्यासाठी पुढे झटणाऱ्या लेखकाच्या दृष्टीने हा प्रश्न आईच्या आठवणीहून वेगळा नव्हता.