विश्लेषण : युरियाच्या गोणीला ‘लिंक’ कशाची? एका इंग्रजी शब्दाचा साखळीपासून सक्तीपर्यंतचा प्रवास

आधार लिंक करा, लिंकवर क्लिक करू नका, सी लिंकवरून जा, बँकेची लिंक गेली आहे... ‘लिंक’ हा इंग्रजी शब्द आपण दिवसातून कितीदा तरी वापरतो. खरीप आला की यात आणखी एकाची भर पडते : खतांचे ‘लिंकिंग’. युरिया हवा तर सोबत दुसरेही काही घ्या, असा त्याचा सरळ अर्थ. राज्यातला युरिया जिथे मोठ्या प्रमाणावर तयार होतो, ते थळ रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या शेजारी आहे. तिथून निघालेली गोणी दुकानात पोहोचेपर्यंत तिला ‘लिंक’ कुठे लागते, कायदा तिला काय म्हणतो आणि शेतकऱ्याच्या हाती काय आहे, ते पाहू.

मुळात ‘लिंक’ म्हणजे काय?

लिंक म्हणजे साखळीची एक कडी. इंग्रजीत हा शब्द साधारण पंधराव्या शतकात स्कँडिनेव्हियाच्या भाषांमधून आला. जर्मन भाषेत त्याच कुळातला ‘गेलेंक’ शब्द आहे, त्याचा अर्थ सांधा. म्हणजे दोन गोष्टी जोडणारी, पण स्वतः सुटी ओळखता येणारी वस्तू, ही या शब्दाची मूळ कल्पना.

शेतीशी त्याचा संबंध जुनाच आहे. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये जमीन मोजायची साखळी तयार केली. ती ६६ फुटांची आणि १०० कड्यांची होती. प्रत्येक कडी, म्हणजे लिंक, ७.९२ इंचांची. आपल्याकडे मोजणीत त्याच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी रुळली आणि तिचे १६ आणे केले गेले. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. सातबाऱ्यावरचे गुंठे हे एका अर्थाने त्या साखळीचेच माप आहे.

मराठीत त्याचे किती अर्थ झाले?

मराठीकडे यासाठी शब्दांची कमी नाही. कडी, दुवा, सांधा, जोड, धागा, संबंध असे कितीतरी आहेत. वेबवरच्या लिंकसाठी ‘दुवा’ वापरला जातो, आणि ‘दुवा’चा दुसरा अर्थ आशीर्वाद असाही आहे. तरी बोलताना आपण ‘लिंक’च म्हणतो, कारण तो प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा चालतो.

रस्त्यांच्या बाबतीत लिंक म्हणजे जोडरस्ता. वांद्रे-वरळी सी लिंक २००९ मध्ये खुला झाला. शिवडी ते न्हावा-शेवा हा ट्रान्स हार्बर लिंक, म्हणजे आजचा अटल सेतू, १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला आणि रायगड जिल्हा मुंबईला समुद्रावरून जोडला गेला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोली ते कुसगाव या टप्प्याला तर ‘मिसिंग लिंक’ हेच नाव पडले.

कागदपत्रांच्या बाबतीत लिंक म्हणजे नोंद जुळवणे. पॅन आणि आधार लिंक करण्याची ३० जून २०२३ ही मुदत आणि एक हजार रुपयांचे विलंब शुल्क अनेकांच्या लक्षात असेल. फोनवर लिंक म्हणजे निळी ओळ, आणि अनोळखी असेल तर फसवणुकीचे दार. ‘बोलताना लिंक तुटली’ म्हणजे विषयाचा धागा सुटला. ‘त्याची वरपर्यंत लिंक आहे’ म्हणजे वशिला.

या सगळ्यांत एक बाब समान आहे. जोडणी कोणी केली आणि कोणाच्या सोयीसाठी केली, हे शब्द सांगत नाही. रस्त्याच्या बाबतीत त्याने बिघडत नाही. खताच्या दुकानात मात्र बिघडते.

थळचा आणि युरियाचा संबंध काय?

थळ म्हटले की पर्यटकाला कोळीवाडा आणि समोरचे खांदेरी-उंदेरी आठवतात. शेतीच्या नकाशावर मात्र थळची ओळख राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या (आरसीएफ) कारखान्यामुळे आहे. मार्च १९७८ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीचे दोन कारखाने आहेत : तुर्भे (ट्रॉम्बे) आणि थळ. थळचा प्रकल्प १९८०च्या दशकाच्या मध्यात सुरू झाला. आज तिथे वर्षाला २० लाख टनांच्या आसपास युरिया तयार होतो.

हा कारखाना स्वतःच एका साखळीतली कडी आहे. मुंबईजवळच्या समुद्रातून निघणारा नैसर्गिक वायू उरणला किनाऱ्यावर येतो आणि तिथून वाहिनीने थळला पोहोचतो. वायूपासून हायड्रोजन मिळतो, हवेतून नायट्रोजन घेतला जातो, दोन्हींपासून अमोनिया बनतो. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की युरिया. हवेतल्या नायट्रोजनच्या दोन अणूंमधला बंध फार पक्का असतो. तो तोडण्यासाठी मोठे तापमान आणि दाब लागतो, म्हणून हा सगळा खटाटोप आणि ऊर्जेचा खर्च. तयार माल रस्त्याने जातो, तसाच पेण-थळ या मालवाहतुकीच्या रेल्वेमार्गानेही जातो.

इथपर्यंतची प्रत्येक जोडणी गरजेची आहे. पुढे, पुरवठ्याच्या साखळीत, बिनगरजेची जोडणी सुरू होऊ शकते. ती कोणत्याही कंपनीच्या मालाबाबत आणि साखळीच्या कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते.

खतांचे ‘लिंकिंग’ म्हणजे नेमके काय?

मागणी असलेले अनुदानित खत देताना, मागणी नसलेले दुसरे उत्पादन घेण्याची अट घालणे म्हणजे लिंकिंग. युरिया किंवा डीएपीसोबत कधी विद्राव्य खत, कधी सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी, कधी गंधक, नॅनो खत किंवा जैवउत्तेजकाची बाटली पुढे केली जाते.

विक्रेत्यांचे म्हणणे असे की हा प्रकार दुकानात सुरू होत नाही. कंपनी घाऊक विक्रेत्याला माल देताना अट घालते, घाऊक विक्रेता ती किरकोळ विक्रेत्यावर ढकलतो आणि शेवटी ती शेतकऱ्याच्या पिशवीत पडते. विक्रेत्यांच्या ‘माफदा’ या राज्य संघटनेने कंपन्यांच्या लिंकिंगविरोधात वेळोवेळी आवाज उठवला आहे. शेतकऱ्याला मात्र साखळीची शेवटची कडीच दिसते, त्यामुळे त्याचा राग दुकानदारावर निघतो.

शेतकऱ्याला किती फटका बसतो?

हिशेब सोपा आहे. युरियाची गोणी ४५ किलोची असते (२०१८ पूर्वी ती ५० किलोची होती). कडुनिंबाचे लेपन आणि कर धरून तिची किंमत २६६ रुपये ५० पैसे, म्हणजे किलोला सहा रुपयांपेक्षाही कमी. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे एका गोणीत २०.७ किलो.

भाताला हेक्टरी १०० किलो नत्र धरले, तर एकराला ४० किलो, म्हणजे साधारण दोन गोण्या लागतात. खर्च ५३३ रुपये. आता समजा, या दोन गोण्यांसोबत ५०० रुपयांची बाटली घ्यावी लागली. एकूण झाले १,०३३ रुपये, म्हणजे गोणी पडली ५१६ रुपये ५० पैशांना. सरकारने ठरवलेली किंमत कागदावर तशीच राहिली आणि प्रत्यक्ष खर्च जवळपास दुप्पट झाला.

मोठ्या बागायतदाराला ही रक्कम कदाचित जाणवणार नाही. काही गुंठ्यांवर भात आणि त्यानंतर वाल किंवा पांढरा कांदा घेणाऱ्या अलिबागच्या शेतकऱ्याला ती नक्की जाणवते. शिवाय नको असलेली बाटली पडून राहते किंवा गरज नसताना फवारली जाते.

मग हे थांबत का नाही?

पहिले कारण किमतीतला फरक. युरियाची विक्री किंमत सरकार ठरवते, विक्रेत्याचे कमिशनही ठरलेले असते आणि उत्पादन खर्चातला उरलेला भाग केंद्र सरकार अनुदानातून भरते. विनाअनुदानित उत्पादनांवर असे किमतीचे बंधन नसते, त्यामुळे त्यांत नफ्याला वाव जास्त. ज्याला गिऱ्हाईक आपोआप येते त्याच्या आधारे, ज्याला येत नाही ते खपवायचे, असा हा मामला आहे.

दुसरे कारण वेळ. भाताची लावणी झाली की फुटवे येण्याच्या काळात युरिया लागतो. तेव्हा चार दिवस थांबून दुसरे दुकान शोधणे परवडत नाही. टंचाईची नुसती चर्चा असली तरी ‘देतोय ते घ्या’ ही भाषा चालून जाते.

तिसरे कारण नोंदीतली फट. अनुदानित खत आधार पडताळणी करून पॉस मशीनवर विकले जाते आणि त्या विक्रीच्या आधारे कंपनीला अनुदान मिळते. म्हणजे युरियाची गोणी शेतकऱ्याच्या आधारशी जोडली जाते. सोबत दिलेली बाटली मात्र वेगळ्या बिलावर येते किंवा बिलाशिवायच येते. एकाच वेळी झालेल्या दोन विक्रींमधली ही ‘लिंक’ कागदावर कुठेच दिसत नाही.

कायदा याला काय म्हणतो?

इथे शब्दांची गंमत आहे. मराठी बातम्या ‘लिंकिंग’ म्हणतात, केंद्र सरकारच्या पत्रव्यवहारात ‘टॅगिंग’ येते आणि स्पर्धा कायदा ‘टाय-इन’ म्हणतो. प्रकार एकच.

अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ आणि त्याखालील खत नियंत्रण आदेश, १९८५ हे इथले मुख्य कायदे. त्यानुसार विक्रेत्याने साठा आणि दर दिसतील असा फलक लावणे व प्रत्येक खरेदीची पावती देणे बंधनकारक आहे. आदेशाचा भंग झाल्यास परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. गुन्हा सिद्ध झाल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ तर स्पष्ट आहे. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेण्याची पूर्वअट घालणे ही ‘प्रतिबंधक व्यापार प्रथा’ ठरते. शेतकरी ग्राहक आहे का, हा प्रश्नही निकाली निघाला आहे. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाणे खरेदी करणाऱ्या शेतकऱ्यांना ग्राहक मानले.

स्पर्धा अधिनियम, २००२ मधील कलम ३(४) उत्पादक आणि वितरक यांच्यातील अशा अटींना लागू होते. मात्र त्यातून स्पर्धेला बाधा येते हे दाखवावे लागते. गॅसजोडणी हवी तर शेगडी आमच्याकडूनच घ्या, हा अनुभव जुन्या पिढीला आठवत असेल. तो याच प्रकारचा नमुना होता.

शिफारस आणि सक्ती यांत फरक कसा ओळखायचा?

प्रत्येक जोडविक्री वाईट नसते. माती परीक्षणात जस्ताची कमतरता दिसली आणि विक्रेत्याने झिंक सल्फेट सुचवले, तर तो सल्ला आहे. फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो : ‘हे नको, फक्त युरिया द्या,’ म्हटल्यावर युरिया मिळतो का? मिळाला तर शिफारस. ‘मग युरियाही नाही,’ असे उत्तर आले तर सक्ती.

तक्रार करायची तर काय करावे?

- दुकानातील साठा व दर फलकाचा तारखेसह फोटो घ्या. फलकावर साठा असूनही फक्त युरिया नाकारला गेला, तर हा महत्त्वाचा पुरावा ठरतो.
- सर्व वस्तूंची पक्की पावती मागा. दोन वेगळी बिले दिली तर दोन्ही जपून ठेवा. त्यांवरची तारीख एकच असते.
- पॉस मशीनची पावती घ्या आणि त्यावरील गोण्यांची संख्या तिथेच तपासा.
- पंचायत समितीतील कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. जिल्हा स्तरावर जिल्हा परिषदेचे कृषी विकास अधिकारी आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी आहेत.
- सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

तक्रारीत विक्रेत्याने सांगितलेले कारणही लिहा. ‘वरूनच असे येते’ असे तो म्हणाला असेल, तर तेही नोंदवा. चौकशी शेवटच्या कडीवर थांबायची की वरच्या कड्यांपर्यंत जायची, हे अशाच नोंदींवर ठरते.

शब्द बदलल्याने काय फरक पडतो?

‘युरियाला लिंकिंग आहे’ या वाक्यात कर्ता नाही. पाऊस आहे, ऊन आहे, तसे लिंकिंग आहे. जणू ते कोणी करत नाही, आपोआप होते. ‘विक्रेत्याने मला अमुक वस्तू घ्यायला भाग पाडले’ या वाक्यात करणारा आहे, सोसणारा आहे आणि तारीख टाकायला जागाही आहे. पहिले वाक्य चहाच्या टपरीवर बोलायला पुरते. तक्रार अर्जात दुसरे वाक्य लागते.

साखळीतली कडी दोन्ही बाजूंना आपखुशीने जोडली असेल, तर तिला खुशाल लिंक म्हणावे. एका बाजूला नाही म्हणायची सोयच नसेल, तर तिच्यासाठी मराठीत आधीपासून शब्द आहे : सक्ती.